तुंबलेली ई-टपाल
ई-मेल सर्व्हरवर ताण आला की टपाल सहसा हरवत नाही, रांगेत तुंबते. ‘पोस्टफिक्स’ प्रणालीत नवी पत्रे ‘इनकमिंग’ रांगेत, रवाना होणारी ‘ॲक्टिव्ह’मध्ये, तर तूर्त पोहोचू न शकलेली ‘डिफर्ड’मध्ये असतात. कोणत्या डोमेनची किती पत्रे किती वेळ खोळंबली आहेत, हे ‘क्यूशेप’ ही आज्ञा दाखवते. एकाच डोमेनची गर्दी असल्यास दोष बहुधा पलीकडचा. ‘ॲक्टिव्ह’ मोकळी असूनही ‘इनकमिंग’ फुगत असल्यास आधी आपली डिस्क तपासावी. घाबरून सारी रांग वारंवार पुढे रेटणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर! रखडलेली पत्रे ताज्या पत्रांची वाट अडवतात. पलीकडून आलेला, ४ या अंकाने सुरू होणारा नकार तात्पुरताच असतो. मूळ मांडणीनुसार पोस्टफिक्स ५ दिवस प्रयत्न करते, मगच पत्र प्रेषकाकडे परत धाडते.