आजोबा ठणठणीत होते, म्हणून?

गिरणगावाचा विषय निघाला की गिरगावात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आमचे आजोबा तीस वर्षं गिरणीत होते, ऐंशीच्या पुढे जगले, कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत.’ खोताच्या वाडीच्या ओट्यांवरही ते मी ऐकलं आहे. या वाडीला गिरणी परकी नाही. कावसजी दावरांनी १८५४ साली स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी ताडदेवला होती, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या वाक्यामागचं मत असं, की कापसाच्या धुळीचा उगाच बाऊ केला गेला. छात्या गेल्या त्या विड्यांनी आणि चाळीतल्या धुराने.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-बारा गडी पाळीपाळीने झोपत, शेगडी त्याच खोलीत, क्षय शेजारच्या खोलीत आणि विडी प्रत्येकाच्या खिशात. खोकल्याला इतकी कारणं हजर असताना एकट्या गिरणीला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं?

आधी आजोबांकडे बघू. विल्यम ओगल यांनी १८८५ साली इंग्लंडमधल्या धंदेवार मृत्यूंचे आकडे तपासताना एक खोच ओळखली होती. अंगमेहनतीच्या धंद्यात मुळात धडधाकट माणूसच शिरतो आणि शरीर थकलं की बाहेर पडतो; त्यामुळे उरलेल्यांचे आकडे धंद्याला आहे त्यापेक्षा निरोगी दाखवतात. मुंबईत तर या गळतीची सोयच करून ठेवलेली होती. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. ज्याला दम लागायचा त्याचे खाडे वाढायचे, आणि खाडे वाढले की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, दुसऱ्याला आत घ्यायचा. मग गडी बोटीने कोकणात नाहीतर एसटीने घाटावर. तिथे तो पन्नाशीत खोकून खोकून गेला तरी त्या मरणाची नोंद ‘गिरणी कामगार’ म्हणून कोण करणार? ऐंशी वर्षं जगलेले आजोबा गोष्ट सांगायला नातवंडांजवळ उरले. गावी जाऊन गेलेल्याची गोष्ट गिरगावच्या ओट्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरा प्रश्न त्याहून साधा: आजोबा कोणत्या खात्यात होते? कापसाच्या गासड्या फुटतात त्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंगला धूळ सर्वांत दाट. सूतकताईच्या खात्यात त्याहून कमी. लूमखात्यात पोचेपर्यंत सूत बरंच स्वच्छ झालेलं. आणि खातं कुणी आपल्या मर्जीने निवडत नव्हतं. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकामात घेतच नसत. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्या बंदीने विणकराची चढी मजुरी तर गेलीच, पण माणूस धुळीच्या खात्यांतच अडकून पडला. कुणाच्या छातीत किती धूळ जायची, यात जातीचा हात होता. राहता राहिले लूमखात्यातले आजोबा. त्यांची छाती खणखणीत असेलही. पण लूमच्या खडखडाटात वर्षं काढल्यावर रेडिओ ते केवढ्या मोठ्याने लावत, तेही नातवाला जरा विचारावं.

आता विडी. विडी फुफ्फुस जाळते आणि धुळीच्या जोडीला आली तर जास्तच जाळते, हे कुणी नाकारत नाही. पण विडीला आठवड्याचा वार कळत नाही. कापसाच्या आजाराला, बिसिनोसिसला, तो कळतो. लँकेशरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात त्याच्या पायऱ्या लावल्या त्या याच खुणेवर: सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीलाच छाती आवळल्यासारखी होते, पुढे आठवड्यातल्या इतर दिवशीही, आणि शेवटी सुट्टीतही दम सुटत नाही. हे मोजताही येतं. पाळीवर चढण्यापूर्वी कामगाराला नळीत जोर लावून फुंकायला सांगायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते टिपायचं. पाळी सुटताना पुन्हा तेच. ओढणारा दोन्ही वेळा विडीच ओढतो, पण हवा घटते ती धुळीत आठ तास काढून आल्यावर. विडी न ओढणाऱ्याचीही घटते. गिरण्यांच्या ऐन मध्यात असलेल्या परळच्या केईएम रुग्णालयातून डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा करून १९८१ साली जो अभ्यास छापला, त्याचा विषयच हा होता: बिसिनोसिस आणि दम्या-खोकल्याचे इतर जुनाट आजार वेगळे कसे ओळखायचे. पुढे १९९५ साली डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर लिहिलं. म्हणजे पुरावा नव्हता असं नाही; ओट्यावर तो वाचला गेला नाही.

चाळीचा धूर मात्र खरा अडसर आहे, कारण गिरणी कामगाराची तुलना खोताच्या वाडीतल्या कारकुनाशी केली तर धूर, अन्न, गर्दी सगळंच बदलतं. उपाय त्याच खोलीत सापडतो. एकाच गावचे दोघे, एकच खोली, एकच खानावळ, विडीचं बंडलही अर्धं अर्धं. एक कार्डिंगला, एक लूमला. दोघांच्या श्वासात दहा वर्षांनी जो फरक पडेल, तो शेगडीच्या माथी कसा मारणार?

‘आता ब्याऐंशीच्या संपालाही चाळीस वर्षं उलटली, अशा तुलनेला माणसं शोधायची कुठे?’ हे शेवटचं ठेवणीतलं उत्तर. गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीसाठी ती सापडली. म्हाडाकडे दीड लाखाहून जास्त अर्ज आले, तिकीट, फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड अशा पुराव्यांनिशी. पुष्कळ अर्ज वारसांचे. आणि वारसाने हक्क सांगायचा तर कामगार कधी वारला हे कागदावर दाखवावं लागतंच. खातं, नोकरीची वर्षं, मृत्यूची तारीख: अभ्यासाला लागतं ते बरंचसं या कागदांतून आणि वारसांच्या तोंडून जुळवता येईल. एक खोट राहतेच. घरासाठी पात्रता १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्यांची. त्याआधी दम लागून गावी गेलेले या यादीतही नाहीत. त्यांच्यासाठी रत्नागिरी-साताऱ्याच्या ग्रामपंचायतींची मृत्यूची दप्तरं उघडावी लागतील.