जेधे शकावली आणि मंडळाची सभा

इतिहासावर लेख लिहिणें आणि तो जाणकारांच्या सभेंत टिकणें, या दोन गोष्टींतील अंतर महाराष्ट्रास उशिरांच उमगलें. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ निघूं लागला, तेव्हां जुन्या बखरी व कागद छापून नाशापासून वांचविणें हेंच मोठें कार्य होतें. पारख करणारी सभा उभी राहिली ती पुढें, ७ जुलै १९१० रोजीं, पुण्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें तेव्हां.

मंडळापुढें लेख ठेवणाऱ्याची वाट सोपी नव्हती. केवळ मत घेऊन येणाऱ्यास तेथें फारसा मान नसे. कागद कोणाच्या दप्तरांत मिळाला, तो अस्सल कीं नक्कल, मोडींतून बालबोधींत उतरतांना कोठें अक्षर लागलें नाहीं, हें सारें सांगावें लागे. त्यांत कालनिर्णयाची अडचण मोठी. जुन्या पत्रांत पुष्कळदां नुसता महिना व चंद्र असतो, साल नसतेंच. मजकुरांतील माणसें व मोहिमा पाहून तें बसवावें लागतें, आणि एक साल चुकलें म्हणजे सारी मोहीम भलत्याच वर्षीं जाऊन पडते. असा लेख पाक्षिक सभेंत वाचला जाई, त्यावर वाद होई, आणि मग तो इतिवृत्तांत, संमेलनवृत्तांत किंवा १९२० पासून निघूं लागलेल्या त्रैमासिकांत येई. आजच्या संशोधनपत्रिका लेखकाचें नांव झांकून लेख परीक्षकांकडे धाडतात. मंडळांत परीक्षक समोरच बसलेले असत, आणि भिडस्तपणा हा कांहीं त्या मंडळींचा विशेष गुण नव्हता!

या पद्धतीचें मोल शिवजन्मतिथीच्या वादांत दिसून आलें. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि रूढ होती. बखरींत मात्र एकवाक्यता नव्हती, आणि लोकमान्य टिळकांनीं १९०० सालींच ‘केसरी’तून हा प्रश्न चर्चेस घेतला होता. पुढें भोर संस्थानांतील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्याकडील एक शकावली त्यांच्या हातीं आली. तींत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र असा नोंदलेला होता. टिळकांचा अधिकार एवढा कीं, त्यांनीं नुसता निर्णय जाहीर केला असता तरी सहस्रावधि लोकांनीं तो मानला असता. परंतु १९१६ सालीं मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत त्यांनीं आपल्या टिपणासह ती शकावलीच प्रसिद्ध केली. त्यामुळें टिळकांवर विश्वास ठेवण्याची गरजच उरली नाहीं. कोणींही गणित मांडावें, त्या तिथीस शुक्रवार येतो कीं नाहीं तें पाहावें, आणि शकावलींतील इतर नोंदी दुसऱ्या कागदांशीं ताडाव्या.

तरीही वाद लगेच मिटला नाहीं. सर जदुनाथ सरकार यांनीं १९१९ सालच्या आपल्या इंग्रजी शिवचरित्रांत १६२७ हेंच साल धरलें. इकडे जोधपूरच्या एका जुन्या संग्रहांत महाराजांची जन्मकुंडली मिळाली. तीही शके १५५१ च्या बाजूची. ती व शकावली यांचा समावेश १९२५ सालच्या ‘शिवचरित्रप्रदीपां’त झाला. १९२७ सालीं सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलेलें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ बाहेर आलें. महाराजांच्या आश्रयास असलेल्या या कवीनेंही शके १५५१ चेंच फाल्गुन वद्य तृतीया सांगितलेलें होतें. एक दप्तर मावळांतलें, दुसरें मारवाडांतलें, तिसरी संस्कृत पोथी. तिघांची एकमेकांशीं ओळख नाहीं, आणि साक्ष मात्र एकच.

आज शासकीय जयंती १९ फेब्रुवारीस होते, तर कित्येक घरीं व गडांवर ती तिथीप्रमाणें साजरी होते. हा वाद पुन्हा उकरणाऱ्यास मात्र १९१६ च्या त्या संमेलनवृत्ताचीं पानें उघडल्यावांचून गत्यंतर नसतें.