वसाहतींतील मुलांची ताटातूट
गुन्हेगार जमाती कायद्यात (१८७१) १८९७ साली दुरुस्ती होऊन ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. मुलाने काही केलेले असण्याची गरजच नव्हती. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला जन्म पुरेसा होता, आणि हीच या तरतुदीची सर्वांत क्रूर बाजू होय. अशा जमातींना ठेवण्यासाठी वसाहती होत्या; मुंबई इलाख्यात सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत मोठी होती. तेथे अनेक पारधी, कैकाडी कुटुंबे डांबली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात या कायद्यातून सुटलेल्या विमुक्त जातींना ३ टक्के आरक्षण आहे. भटक्या व विमुक्त जमातींसाठीच्या रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. ऑस्ट्रेलियात अशाच रीतीने आईबापांपासून तोडलेल्या आदिवासी मुलांबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली.