हार्ड डिस्क आणि ड्रायव्हर यांतील विसंवाद : वैयक्तिक संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण

जुन्या संगणकात नवी हार्ड डिस्क बसविली असता ती ओळखली न जाणे, ओळखली गेली तरी तिचे आकारमान कमी दिसणे, किंवा काल चालू असलेले यंत्र आज प्रारंभीच अडून बसणे, हे अनुभव सर्वपरिचित आहेत. अशा वेळी दोष डिस्कचा की ड्रायव्हरचा, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. वस्तुतः पुष्कळदा हा प्रश्नच चुकीचा असतो. १९८१ ते २००७ या कालखंडात वैयक्तिक संगणकाची घडण कसकशी होत गेली हे पाहिले म्हणजे असे दिसून येते की, यांपैकी अनेक अडचणींत कोणतेही एक अंग सदोष नसते. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या लोकांनी ठरविलेले आणि स्वतंत्रपणे पाहता निर्दोष असलेले दोन संकेत एकाच यंत्रात समोरासमोर आलेले असतात. अशा दोषाचे निदान म्हणजे त्या संकेतांचा कालनिर्णयच होय, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

१

आय.बी.एम. कंपनीचा पहिला वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये निघाला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. मार्च १९८३ मधील 'एक्स.टी.' या यंत्रात १० मेगाबाइटची डिस्क आली. त्याच सुमारास डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने, बाहेरून पुरविलेले ड्रायव्हर प्रारंभी स्मृतीत चढविण्याची सोय केली. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचे एखादे अंग आणि कार्यप्रणाली यांच्यामधील दुभाषा. यापूर्वी हे काम मुख्यतः यंत्रातच कोरलेल्या 'बायोस' या आज्ञासंचाकडे होते. एकाच डिस्कसाठी दोन दुभाषे नेमले जाण्याची शक्यता येथूनच निर्माण झाली.

पहिला संघर्ष मात्र भाषेचा नव्हता, वाटेचा होता. प्रत्येक अंगाला प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी एक इंटरप्ट-मार्गिका लागते. पहिल्या यंत्रात अशा मार्गिका ८ होत्या. १९८४ च्या 'ए.टी.' या यंत्रात दुसरी चिप जोडण्यात आली आणि त्या जोडणीतच एक मार्गिका खर्ची पडल्यामुळे १५ उरल्या. एक्स.टी.ची डिस्क ५ क्रमांकाची मार्गिका वापरीत असे, ए.टी.ने डिस्कला १४ क्रमांक दिला. पुढे ध्वनिकार्डांनी ५ क्रमांक वापरण्यास आरंभ केला. त्या काळच्या जोडणीत दोन कार्डांना एक मार्गिका सहसा वाटून घेता येत नसे. यास्तव एक्स.टी. पद्धतीचे डिस्क-कार्ड आणि नवे ध्वनिकार्ड एकत्र आले की दोन्ही सुस्थितीत असूनही यंत्र अडे. कार्डावरील जंपर हाताने हलविणे हाच त्यावर उपाय होता. १९९३ मध्ये 'प्लग अँड प्ले' हा संकेत निघाला आणि मार्गिकांचे वाटप हळूहळू यंत्राकडे गेले.

२

दुसरा संघर्ष मोजमापाचा होता. डिस्कवरील जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन अंकांनी दाखविली जात असे. बायोसने या अंकांसाठी अनुक्रमे १०, ८ व ६ बिट राखले होते. पुढे डिस्क-उत्पादकांनी आणलेल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकी मानक ठरलेल्या 'ए.टी.ए.' संकेताने त्याच अंकांसाठी १६, ४ व ८ बिट राखले. सेक्टरची गणना १ पासून होते व प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. या हिशेबाने बायोसची मर्यादा ८,४५,५७,१६,८६४ बाइट, तर ए.टी.ए.ची १,३६,९०,२०,८२,५६० बाइट होते. परंतु दोन्ही संकेत एकत्र पाळावयाचे तर प्रत्येक अंकाची लहान मर्यादाच ग्राह्य धरावी लागते. म्हणजे १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर. त्यांचा गुणाकार अवघा ५२,८४,८२,३०४ बाइट भरतो. दोन प्रशस्त दालनांमधील दार असे अरुंद निघाले. याला कोणा एका पक्षाची अदूरदृष्टी म्हणता येत नाही.

यावर तोड म्हणून बायोसमध्ये अंकांतराची योजना झाली. सिलिंडरांची संख्या कमी दाखवून हेडांची वाढवावयाची, असे तिचे स्वरूप होते. तथापि हे अंतर करण्याच्या रीती एकाहून अधिक होत्या. एका यंत्रात एका रीतीने विभागलेली डिस्क, दुसरी रीत पाळणाऱ्या यंत्रात अनेकदा निरर्थक भासे. मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. शक, फसली व सुहूर या गणना आपापल्या जागी शुद्धच असतात. एका गणनेचा आकडा दुसरीत वाचला की घोटाळा होतो. कागद खोटा ठरवून फाडून टाकणे हा जसा त्यावरील उपाय नव्हे, तसाच डिस्क पुन्हा फॉरमॅट करणे हाही नव्हे.

३

ज्यांच्या बायोसमध्ये अंकांतर नव्हते, त्यांच्यासाठी डिस्कच्या अगदी आरंभी बसणारे मध्यस्थ प्रोग्राम निघाले. ते कार्यप्रणालीच्या आधी जागे होत. फ्लॉपीवरून यंत्र सुरू केले की हा मध्यस्थ वगळला जाई आणि भरलेली डिस्क रिकामी किंवा नादुरुस्त दिसू शके. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने डिस्कशी थेट व्यवहार करणारे स्वतःचे ३२-बिटी ड्रायव्हर आणले. बायोसच्या डिस्कसेवेच्या वाटेवर अनोळखी प्रोग्राम आढळला, तर ही प्रणाली आपला ड्रायव्हर बाजूस ठेवून जुन्या, संथ मार्गाने काम करी. वापरणाऱ्यास केवळ मंदगती जाणवे. किंबहुना प्रारंभ-सेक्टरात शिरलेल्या व्हायरसमुळेही हेच लक्षण दिसत असे. म्हणून ड्रायव्हर पुनःपुन्हा बसविण्यापूर्वी वाटेत कोण उभा आहे हे पाहणे अगत्याचे होते.

४

पुढे सेक्टरांना १ अखंड क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. त्या क्रमांकासाठी २८ बिट असल्यामुळे मर्यादा १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट झाली. २००२ च्या ए.टी.ए.-६ या मानकाने ४८ बिट दिले. परंतु विंडोज एक्स.पी. ऑक्टोबर २००१ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिला हे ज्ञान पुढच्या वर्षीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने मिळाले. ही मर्यादा सर्वांत घातक ठरली. पूर्वीच्या मर्यादांमुळे बहुधा जागा कमी दिसे. येथे मात्र वरचे बिट गळून पडल्यास डिस्कच्या अखेरीस लिहावयाचा मजकूर आरंभी, नेमक्या विभागणीच्या नोंदींवर, लिहिला जाण्याचा संभव होता.

२००३ मध्ये 'साटा' जोडणी आली व २००४ मध्ये तिच्यासाठी 'ए.एच.सी.आय.' हा नियंत्रण-संकेत प्रसिद्ध झाला. एक्स.पी.जवळ त्याचा ड्रायव्हर नव्हता; स्थापनेच्या आरंभी एफ-६ कळ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागे. २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या विस्टात तो होता. पण जुन्या पद्धतीने स्थापना झाली असल्यास प्रारंभी तो निद्रिस्त राही. यामुळे बायोसमधील ती एक निवड बदलताच निळ्या पडद्यावर ७बी या क्रमांकाचा संदेश येऊन यंत्र थांबे. बायोसच्या निवडी जपणारी छोटी बॅटरी संपली, तर हा बदल कोणी न करताही घडू शके. काल चालणारे यंत्र आज अडण्याचे कारण कित्येकदा एवढेच असते. पूर्वीची निवड परत केली की यंत्र सुरू होते. त्यानंतर आधी ड्रायव्हर सिद्ध करावा आणि मगच निवड बदलावी, हा क्रम इष्ट होय.

५

वरील विवेचनावरून निदानाची एक रीत निष्पन्न होते. प्रथम यंत्र, बायोस, डिस्क व कार्यप्रणाली यांची वर्षे लिहून काढावीत. जेथे अलीकडील अंग जुन्या अंगावर विसंबते, तो सांधा आधी तपासावा. बायोसच्या निवडी बदलण्यापूर्वी टिपून ठेवाव्यात आणि एका वेळी एकच बदल करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डिस्कवर काहीही लिहिण्यापूर्वी ती जेथे नीट वाचली जाते त्या यंत्रात, अंकांतराची मूळ रीत कायम ठेवून, तिची नक्कल करावी.

हा आग्रह केवळ तांत्रिक नाही. पुष्कळ संशोधकांच्या टिपणांच्या याद्या, दफ्तरांच्या सूची आणि अप्रकाशित प्रबंध आज अशाच जुन्या डिस्कांवर आहेत. त्या 'वाचता येत नाहीत' असे म्हणून टाकून दिल्या जातात, किंवा दुरुस्तीच्या घाईत पुसल्या जातात. परंतु न वाचता येणे आणि नष्ट होणे या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिलीतून दुसरीत नेणारे पाऊल पुष्कळदा डिस्कचे नसते, उतावळ्या हाताचे असते. साधन कोणत्या काळचे आहे हे ओळखल्याशिवाय त्याला हात लावू नये, ही इतिहासाभ्यासातील जुनी शिस्त येथेही तितकीच लागू पडते.