पिराचा नारळ

खापरपणजोबांचा धाकटा भाऊ 1860 च्या सुमारास लावणी अर्धी टाकून मुंबईला गेला, तो परत आलाच नाही. उसाच्या देशात गेला, एवढंच घरात सांगत. तो देश म्हणजे मॉरिशस, हे आम्हाला कळलं ते त्याचा पणतू आमची वाडी शोधत आला तेव्हा. नात्यानं ते माझे काका. जाताना म्हणाले, आता तू ये. पुतण्या बोटीवर नोकरीला आहे. त्यानं तिकीट काढून दिलं आणि 2018 च्या सप्टेंबरात मी गेलो.

तिथं 1834 पासून आपल्याकडचे मजूर करारानं न्यायला लागले. पुढच्या वर्षी गुलामी बंद झाली, पण ऊस तर तोडायचाच होता. पाच वर्षांचा करार, महिना 5 रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. मीही गडी लावून शेती केली आहे, पण हा हिशोब ऐकून गप्पच झालो. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बिहारकडचे हिंदू नि मुसलमान, तमिळ, तेलुगू, आपले कोकणातले. मळ्यावर सगळे एकाच ओळीतल्या खोल्यांत. जहाजावर शेजारी निजलेला तो जहाजी भाई, मग जात-धर्म काही का असेना. सुटलेले गुलाम आफ्रिकेकडचे, ख्रिस्ती झालेले. सगळ्यांत मिळून एक भाषा चालू लागली, क्रेओल. काका घरात तीच बोलतात. मराठी देवापुरती, आणि ते पंधरा दिवस माझ्यापुरती.

हिंदू आज तिथं निम्म्याच्या आसपास आहेत. दुसरा कुठलाच समाज एवढा मोठा नाही.

मी पोचलो तेव्हा काकू पिशवीत मेणबत्त्या भरत होती. 8 सप्टेंबरची संध्याकाळ. पेर लावाल म्हणून एक फ्रेंच पाद्री 1841 ला तिथं आला, मूळचा डॉक्टर. सुटलेल्या गुलामांत राबला आणि 9 सप्टेंबर 1864 ला वारला. सेंत-क्रोआला त्याची समाधी आहे. त्या रात्री बेटभरातून माणसं चालत येतात, ख्रिस्ती तर येतातच, हिंदू आणि मुसलमानही येतात. काकूच्या कपाळावर कुंकू, हातात मेणबत्ती. नवस गुडघ्याचा होता. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "अरे, डॉक्टरच ना तो!"

त्याच आठवड्यात गणपती. गणपतीची तिथं सरकारी सुट्टी असते, तशीच ईदची, नाताळची, चिनी नववर्षाची. जाखडी नाचली, अगदी आपली, पाय तसेच पडत होते. शेजारची क्रेओल पोरं विसर्जनाला पुढं. पलीकडच्या मुसलमान घरी मोदकांचं ताट गेलं. ईदला तिकडून बिर्याणी येते. त्यात काय नसणार हे कुणी विचारत नाही, ते ठरलेलंच.

मी भारावून म्हटलं, "काका, तुमच्याकडं भांडण म्हणून नाही."

काका हसले नाहीत. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. त्याआधीच्या निवडणुकीत शंभरातल्या 44 जणांनी स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं होतं. इंग्रज गेला की हिंदूंचं राज्य येणार, ही धास्ती. आणि दंगल पेटली ती जानेवारीत, पोर्ट लुईला, तीही क्रेओल आणि मुसलमानांत. किमान 25 माणसं मेली. गोरं सैन्य आणावं लागलं, सोहळ्याला यायची इंग्लंडची राजकन्या आलीच नाही. काका तेव्हा सोळा वर्षांचे, बाजारात हमाली करत. पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांपैकी एकानं रातोरात गाडीत भांडी भरलेली त्यांनी बघितली. "दोघांची न्हाणी एकच होती," म्हणाले. ती माणसं परत त्या गल्लीत राहायला आली नाहीत.

राज्यघटनेत तिथं एक तजवीज आहे. 62 जण निवडून येतात आणि ज्या समाजाला जागा कमी पडल्या त्याच्यासाठी वर 8 ठेवलेल्या. हिशोब अजून 1972 च्या शिरगणतीवर, कारण पुढच्या शिरगणतींत समाज विचारणंच सोडून दिलं. काका म्हणतात, ही पट्टी आता काढायला हवी, पण आधी हात कोण लावणार? उमेदवारानं आपला समाज कागदावर लिहायचा, हे मला काही पटलं नाही. पण मी त्या गल्लीत राहिलेलो नाही.

निघायच्या आदल्या रात्री काका म्हणाले, "आमचा पणजा सांगून गेलाय, वाडीत गणपतीचा पहिला नारळ पिराला जातो. अजून देता ना?"

आमच्याकडं तो नारळ जायचा बंद होऊन वीसेक वर्षं झाली. भांडण काही झालं नव्हतं. एका वर्षी गेला नाही, मग कुणी काढलाच नाही. मलाही आठवण झाली नव्हती.

"देतो की," मी म्हणालो.

काकांनी आत जाऊन एक नोट आणली, माझ्या खिशात घातली. यंदाचा त्यांच्या नावानं द्यायचा होता.