हवेतल्या खताची कुळकथा

वनस्पतीचे शरीर कशाचे घडते, या प्रश्नाचे उत्तर मातीत शोधण्याची मनुष्याची सवय फार जुनी असून, खत, पाणी आणि ऊन यांचा नीट बंदोबस्त झाला की बागायतदाराचे कर्तव्य पुरे झाले, असेच शतकानुशतके मानले गेले. वास्तविक झाडाच्या कोरड्या वजनात चाळीस ते पंचेचाळीस टक्के भाग कार्बनाचा असतो आणि तो जवळजवळ संपूर्णपणे हवेतून येतो. बंदिस्त काचघराच्या हवेत कार्बन डायऑक्साइड मुद्दाम सोडण्याची जी पद्धत आज हॉलंडमधील टोमॅटोच्या मळ्यांत नित्याची झाली आहे, ती या एका सत्यावर उभी आहे. आणि तिची कुळकथा मला विशेष उद्बोधक वाटते ती अशासाठी की, मूळ ज्ञान हाती आल्यानंतर ते मळ्यापर्यंत पोचण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली.

कथेचा आरंभ ब्रुसेल्सच्या परिसरात होतो. यान बाप्टिस्टा फान हेल्मॉन्ट यांनी २०० पौंड सुकी माती कुंडीत भरून तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले, त्याला केवळ पाणी घातले, आणि पाच वर्षांनी तोलून पाहिले तेव्हा झाड १६९ पौंडांचे भरले, मातीतून मात्र दोनच औंस उणे झाले होते. झाड पाण्याचे बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्यांनी ६२ पौंड कोळसा जाळून केवळ एक पौंड राख उरते हे दाखवले, उरलेला भाग ज्या अदृश्य द्रव्याच्या रूपाने निघून जातो त्याला ‘गॅस’ हे नाव दिले, त्याच पुरुषाच्या अंगणात तो वायू पाच वर्षे झाडाच्या पानांत शिरत होता आणि त्यांच्या ध्यानात आला नाही, हे वाचताना मन हळहळते. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे जोसेफ ब्लॅक यांनी या वायूचे, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचे, गुणधर्म निश्चित केले, प्रीस्टली यांनी पुदिन्याच्या डहाळीने दूषित हवा शुद्ध होते हे दाखवले, इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये त्याला सूर्यप्रकाश लागतो हे सिद्ध केले. परंतु आपल्या विषयाचे खरे मूळपुरुष म्हणजे जिनिव्हाचे निकोला-तेओदोर द सोस्यूर. १८०४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नोंदवले की, उन्हात ठेवलेल्या वाटाण्याच्या रोपांच्या हवेत बाराव्या हिश्शाइतका हा वायू मिसळला असता ती साध्या हवेतल्या रोपांहून अधिक वाढतात, प्रमाण फार वाढवले तर मरगळतात, आणि सावलीत त्यांना त्याचा अपायच होतो. प्रमाणाची मर्यादा आणि प्रकाशाची अट, हे दोन्ही नियम असे प्रारंभीच सांगितले गेले होते.

त्या काळी युरोपातील माळी हिवाळ्यात भाजी काढण्यासाठी घोड्याच्या लिदीचा जाड थर घालून त्यावर काचेच्या चौकटी ठेवत. त्यांना हवी होती ती ऊब; कुजणाऱ्या लिदीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोंडलेल्या हवेत आपोआप साठून रोपांना मिळत होता.

१९०२ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून ब्राउन आणि एस्कोम्ब यांनी हा वायू मुद्दाम देण्याविषयी प्रतिकूल निवेदन प्रसिद्ध केले: वायू वाढवताच पाने आक्रसली, वाढ खुंटली, फुले येईनाशी झाली. क्यूचा शब्द म्हणजे वनस्पतिशास्त्रातला जणू दरबारी हुकूम. फ्रान्समध्ये डेमूसी यांनी अनुकूल फळ मिळवून दोष वायूतील अशुद्धीवर ठेवला, आणि माझ्या मते या कथेतील सर्वांत मोलाचे वाक्य तेच होय. वनस्पतीला विषारी ठरणाऱ्या पदार्थांची मात्रा किती सूक्ष्म असते, याचा दाखला सेंट पीटर्सबर्गला आदल्याच वर्षी मिळाला होता. तेथे नेल्यूबोव्ह यांना प्रयोगशाळेतील वाटाण्याचे कोंब खुजे, जाड आणि आडवे वाढताना दिसले, आणि दिव्याच्या गॅसमधील लेशमात्र इथिलीन हे त्याचे कारण निघाले. इंधन अर्धवट जळाले की हाच इथिलीन निर्माण होतो; त्यात गंधक असले तर पाने करपतात. काचघरात कोळशाची भट्टी लावून वायू पुरवणे म्हणूनच शक्य नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एसेनच्या औद्योगिक परिसरात रीडेल यांनी झोतभट्टीचा धूर शुद्ध करून नळांवाटे काचघरांत आणि उघड्या शेतांतही सोडला; इंग्लंडमध्ये चेशंट येथील संशोधन केंद्राने १९२०-३० च्या दशकात टोमॅटोवर प्रयोग केले. तरी स्वस्त आणि निर्मळ जळणाची उणीव भरून निघाली नाही.

ती भरली १९५९ मध्ये हॉलंडच्या उत्तर भागात स्लोख्टरेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडल्यानंतर. या वायूत गंधक अत्यल्प, ज्योत स्वच्छ, आणि एक घनमीटर जाळला की सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड मिळे. अमेरिकेत मिशिगनच्या विटवर आणि रॉब यांनी १९६४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि सॅलडची पाने, काकडी, टोमॅटो यांच्या मळेवाल्यांचा विश्वास बसला. हिवाळ्यात काचा बंद ठेवल्या की दुपारपर्यंत रोपे आतला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतात आणि त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत दोनशेच्याही खाली उतरते. ते आठशे ते हजारावर आणून ठेवले की उत्पन्न साधारण पाव हिश्शाने वाढते. पण वायू हवा दिवसा आणि ऊब हवी रात्री. यावर डच मळेवाल्यांनी तजवीज केली ती अशी की, बॉयलर दिवसा पेटवून धूर रोपांना द्यायचा आणि तापलेले पाणी मोठ्या टाक्यांत रात्रीसाठी राखून ठेवायचे. २००५ पासून रॉटरडॅमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड एका जुन्या, बंद पडलेल्या तेलवाहिनीतून वेस्टलंडच्या शेकडो काचघरांकडे जाऊ लागला.

आपल्याकडे तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसांत गुलाब आणि जरबेरा उत्तम पिकतो. पण तेथील मुख्य अडचण उष्णतेची असल्याने बाजू आणि छताच्या झडपा उघड्या ठेवाव्या लागतात, आणि सोडलेला वायू वाऱ्याबरोबर निघून जाईल. ऊस, ज्वारी आणि मका यांना तर त्याचा उपयोग फारसा नाहीच: ही पिके पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड एकवटून घेतात. तो मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उलगडला, आणि तोही उसाच्याच पानात.