फुंकरीचा पुरावा

31 डिसेंबरच्या रात्री मुंबई-पुण्यात नाकाबंदीवरचा पोलीस चालकासमोर नळी धरतो आणि फुंकर मारायला सांगतो. या नळीचा पूर्वज एक साधा रबरी फुगा होता. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले रसायनतज्ज्ञ रोला हार्गर यांनी 1930च्या दशकात 'ड्रंकोमीटर' तयार केलं. फुग्यात भरलेला श्वास पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडायचा. श्वासात मद्य असलं की रंग उडायचा. 1938च्या 31 डिसेंबरला इंडियानापोलिसच्या पोलिसांनी ते प्रत्यक्ष वापरायला घेतलं.

त्याआधी पुरावा म्हणजे शिपायाचं नाक आणि डोळे. तोंडाला वास, झोकांड्या, बरळणं. पण रक्तातली साखर एकदम उतरलेला मधुमेहीही अडखळतो, बरळतो. डोक्याला मार लागलेलाही तसाच दिसतो. अशा निरपराध माणसाच्या हाती बचावाला काहीच नसे. म्हणून मी या यंत्राकडे चालकाचाही साक्षीदार म्हणून पाहतो.

1954मध्ये इंडियाना राज्य पोलिसांतल्या रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी 'ब्रेथलायझर' बनवलं. यात मद्यामुळे पिवळं डायक्रोमेट फिकं पडतं आणि तो फरक प्रकाशाच्या साहाय्याने मोजला जातो. हिशेबाचा पाया असा, की 2100 मिलिलिटर श्वासात जितकं मद्य, तितकंच 1 मिलिलिटर रक्तात. हे सरासरीचं गणित आहे. माणसामाणसांत, आणि एकाच माणसात वेळेवेळेनुसार, ते बदलतं. नुकताच घोट घेतला असेल किंवा ढेकर आली असेल, तर तोंडातलंच मद्य मोजलं जातं. म्हणून चाचणीआधी सुमारे 15 मिनिटं थांबण्याची पद्धत पडली. वकील यंत्राच्या तपासणीचा दाखला मागतात, किती वेळ थांबलात असं विचारतात, त्याचं मूळ इथे आहे. अशा प्रश्नांना पळवाट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आपल्याकडे 1939च्या मोटार कायद्यात नशेमुळे वाहनावर ताबा राहत नव्हता, हे सिद्ध करावं लागे. महाराष्ट्रातल्या एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की रक्ताची वा लघवीची तपासणी केलेली नसताना तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावरून माणूस नशेत होता असं म्हणता येत नाही. 1971च्या निकालपत्रिकांत आलेला हा निकाल आजही बचावात पुढे केला जातो.

नवा मोटार वाहन कायदा 1988चा. 1994च्या दुरुस्तीने त्याच्या कलम 185मध्ये 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आली. ब्रिटनने 1967मध्ये 80 ठेवली होती. आपली कितीतरी कडक, आणि ते योग्यच आहे. त्याच कायद्यात चालकाच्या बाजूची कलमंही आहेत. या गुन्ह्यात पोलिसादेखत अटक झाली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर कलम 202नुसार सोडावं लागतं. अटकेनंतर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वास तपासून देण्याची संधी मिळायला हवी. ठाण्यात बाईचं रक्त पुरुष डॉक्टर घेत असेल, तर तिथे एखादी स्त्री हजर असलीच पाहिजे.

फुंकर मारायला नकार देण्याचा मार्ग मात्र सोपा ठेवलेला नाही. सबळ कारण नसेल, तर कलम 205 तो नकार आरोपाला पुष्टी देणारा मानतं.